जर्मनीतील गोठा, संपत आलेला निवास परवाना आणि पगारपत्रक नसलेले कुटुंब

गव्हाण | १६ मार्च २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

जर्मनीतील निवास परवान्याविषयी येथे पूर्वी बरीच चर्चा झालेली आहे, परंतु ती बहुतेक नोकरदार आणि विद्यार्थी मंडळींची आहे. शेतावर राहणाऱ्या, घरात कोणाचेही पगारपत्रक नसलेल्या आणि पहाटे साडेपाच व संध्याकाळी पाच या दोन वेळांना गोठा सोडू न शकणाऱ्या माणसाने हे सोपस्कार कसे पार पाडावेत, याविषयी मला काही सापडले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे पती जर्मन आहेत आणि बव्हेरियाच्या दक्षिणेकडील आल्गॉय भागात त्यांच्या घरची दुधाची शेती आहे. ब्राउनफी जातीच्या ३८ दुभत्या गायी, त्याशिवाय कालवडी आणि वासरे, आणि हे सगळे ओढणारी माणसे चार, म्हणजे सासूसासरे आणि आम्ही दोघे. मी एप्रिल २०२२ मध्ये जोडीदाराच्या व्हिसावर येथे आले आणि पुढे मला तीन वर्षांचे कार्ड मिळाले, त्याची मुदत येत्या १४ जूनला संपते. जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला तीन वर्षांच्या वास्तव्यानंतर, एकत्र संसार चालू असेल आणि बी-१ पातळीची भाषा येत असेल, तर कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे नीडरलासुंग्स-एर्लाउबनिस, मागता येतो. भाषेची परीक्षा मी मागच्या हिवाळ्यात दिली आणि उत्तीर्ण झाले, त्यामुळे कार्ड नुसते वाढवून घेण्याऐवजी हा अर्ज करावा असे आम्ही ठरवले.

मागच्या मंगळवारी सकाळी ८:२० ला कार्यालयात भेट होती. ती वेळ मिळायला सात आठवडे लागले होते. त्याच पहाटे साडेतीनला सासऱ्यांनी दार वाजवले, कारण लीझल नावाची आमची गाय अडली होती. वासराचे पुढचे दोन पाय आणि नाक दिसत होते, म्हणजे ते आडवे आलेले नव्हते, पण डोके मोठे होते. पायांना दोऱ्या लावून, गाय कळ देईल तेव्हाच ओढायचे आणि ती थांबली की आपणही थांबायचे, असे पाऊण तास चालले. वासरू बाहेर आले तेव्हा त्याची जीभ निळसर झाली होती. नाकातला चिकटा पुसून नाकपुडीत वैरणीची काडी फिरवली, तेव्हा ते एकदाचे शिंकले. त्यानंतर लीझलची धार काढून तीन लिटर चीक बाटलीने पाजला. चिकातील रोगप्रतिकारक द्रव्ये शोषून घेण्याची वासराच्या आतड्याची क्षमता पहिल्या काही तासांतच झपाट्याने घटते, त्यामुळे हे काम आल्यावर बघू असे म्हणून ठेवता येत नाही. तोवर साडेपाच वाजले आणि रोजची धार सुरू झाली.

८:२० ला मी कार्यालयात पोहोचले खरी, पण केसांत वैरणीची काडी होती आणि अंगाला कशाचा वास येत असेल ते सांगायला नको. बाई सौजन्याने बोलल्या, मात्र त्यांच्या यादीत पहिलीच ओळ पतीच्या मागील तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्यांची होती. आमच्याकडे त्या नाहीत आणि कधी असणारही नाहीत. मग त्यांनी ताजा कर-निर्धारण आदेश मागितला, तर तो २०२२ सालचा निघाला. शेतीचे हिशेबी वर्ष १ जुलै ते ३० जून असे असते आणि एका कॅलेंडर वर्षाचे उत्पन्न दोन हिशेबी वर्षांतून निम्मे निम्मे घेऊन ठरते, म्हणून २०२३ चे उत्पन्न काढायला २०२४ चा जून उलटावा लागतो, हे मी तेथे उभ्या उभ्या समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि अर्जावर ‘कागदपत्रे अपूर्ण’ असे लिहिले.

घरी परतले तोवर पतींनी नव्या कालवडीच्या दोन्ही कानांत पिवळे बिल्ले मारलेले होते. येथे जन्मलेल्या प्रत्येक वासराला सात दिवसांच्या आत बिल्ला मारून त्याची नोंद देशाच्या मध्यवर्ती नोंदवहीत करावी लागते. बिल्ला मारतानाच कानाचा टिकलीएवढा तुकडा छोट्या कुपीत पडतो आणि बीव्हीडी या विषाणूच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत जातो. कालवडीच्या वाट्याला आलेला क्रमांक ‘डीई ०९’ ने सुरू होतो, कारण ०९ म्हणजे बव्हेरिया. तिचा देशातील दाखला जन्मानंतर आठ तासांत तयार झाला, याचे मला त्या दिवशी कौतुकही वाटले आणि थोडा हेवाही.

माझे प्रश्न तीन आहेत. शेतकरी कुटुंबाने उत्पन्नाचा पुरावा म्हणून नेमके काय द्यावे? १४ जूनपर्यंत निर्णय झाला नाही तर माझी स्थिती काय असेल? आणि माझे पारपत्र फेब्रुवारी २०२६ मध्ये संपते आहे, तर आधी ते नवे करावे की आधी परवाना घ्यावा?

फ्रांकफुर्टची_अक्का | १७ मार्च २०२५, सकाळी ७:१५

गव्हाण, आधी कालवडीचे अभिनंदन स्वीकार. मी येथे बावीस वर्षे आहे आणि या खिडक्यांसमोर नवऱ्याबरोबर, मुलांबरोबर आणि ओळखीपाळखीच्या निम्म्या गावाबरोबर उभी राहिलेली आहे, म्हणून अधिकाराने लिहिते.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण झोप त्याच्यामुळेच उडते. कार्डाची मुदत संपण्यापूर्वी तुझा अर्ज कार्यालयात पोहोचलेला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना त्याच्या सर्व अटींसह चालू आहे असे कायदाच मानतो. निवास कायद्याच्या कलम ८१ चे चौथे पोटकलम ते हेच. हा हक्क वेळेत केलेल्या अर्जाने मिळतो. त्याचा पुरावा म्हणून जो हिरवट कागद देतात त्याला फिक्त्सिओन्स-बेशाइनिगुंग म्हणतात आणि त्याचे शुल्क १३ युरो आहे. तो हातात पडला की आधी आतली तीन चौकटींची जागा पाहावी. त्यातली नेमकी कोणती चौकट खूण केलेली आहे यावर प्रवासापासून नोकरीपर्यंत सगळे ठरते. तुझ्या बाबतीत खूण चौथ्या पोटकलमाच्या, म्हणजे जुना परवाना चालू असल्याच्या चौकटीवर हवी. माझ्या परिचयातील एका मुलीला चुकीच्या चौकटीचा कागद मिळाला होता आणि ते तिच्या लक्षात विमानतळावर आले.

आता एक गोष्ट या आठवड्यातच कर. एक साधे पत्र लिहून त्यात तू कायम वास्तव्याचा परवाना मागत आहेस आणि तो न मिळाल्यास पर्यायाने सध्याच्या परवान्याची मुदतवाढ मागत आहेस, असे स्पष्ट नमूद कर. ‘पर्यायाने’ यासाठी त्यांचा शब्द ‘हिल्फ्सवाइझं’ असा आहे आणि तो तसाच वापरावा. दोन दोऱ्या बांधलेल्या बऱ्या. पत्र पोहोचल्याची पोच घे, मग ती शिक्क्याची असो वा ईमेलची. तोंडी अर्ज कधी झाला आणि कोणी ऐकला, हे सहा महिन्यांनी कोणालाही आठवत नाही.

पारपत्र आधी नवे कर. परवान्याचे कार्ड पारपत्राच्या मुदतीपलीकडे देत नाहीत, त्यामुळे जुन्या पारपत्रावर कायमचा परवाना मिळाला तरी हातातले कार्ड फेब्रुवारीतच संपेल आणि पुन्हा शुल्क भरून तीच फेरी मारावी लागेल. आपले पारपत्र मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नवे करता येते, म्हणजे तुझी वेळ आताच सुरू झालेली आहे.

सुटसुटीत | १७ मार्च २०२५, दुपारी १२:३०

अक्कांचा प्रतिसाद उत्तम आहे. मला मात्र एक मूलभूत शंका आहे. जर्मन नागरिकाच्या जोडीदाराच्या बाबतीत उत्पन्नाची अट सहसा लावत नाहीत, असे मी कलम २८ मध्ये वाचले आहे. मग कार्यालयाने पगाराच्या चिठ्ठ्या मागितल्याच कशा? त्यांना कलम दाखवून सरळ नकार द्यावा, असे मला वाटते. शिवाय हल्ली बहुतेक ठिकाणी अर्ज ऑनलाइन करता येतो, तर पहाटेचे वासरू सोडून प्रत्यक्ष जायची आवश्यकताच काय होती?

फ्रांकफुर्टची_अक्का | १७ मार्च २०२५, दुपारी १:०५

सुटसुटीत, तुमचे वाचन बरोबर आहे, पण अर्धे आहे. ती सवलत जोडीदाराच्या मुदतीच्या परवान्यासाठी आहे. कायम वास्तव्य मागायचे असेल, तर उदरनिर्वाह सुरक्षित असल्याचे दाखवावे लागते. म्हणूनच मी ‘पर्यायाने मुदतवाढ’ लिहायला सांगितले, कारण त्या दुसऱ्या मागणीला तुमचे कलम लागू पडते. आणि ऑनलाइन अर्ज केला तरी बोटांचे ठसे द्यायला माणूस प्रत्यक्षच लागतो.

बांधावरचा | १७ मार्च २०२५, रात्री १०:२०

मी नीडरझाक्सनमध्ये शेतकी ऑस्बिल्डुंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीन वर्षांचे प्रशिक्षण असते, बरेचसे दिवस शेतावर आणि उरलेले व्यवसाय-शाळेत. ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाविषयी आमच्या मालकांच्या अनुभवावरून सांगतो. त्यांच्या सुनेच्या अर्जाच्या वेळी पगाराच्या चिठ्ठ्यांऐवजी तीन गोष्टी दिल्या होत्या. मागील दोन हिशेबी वर्षांचे ताळेबंद, त्यावरून निघणारे सरासरी मासिक उत्पन्न लिहून दिलेले कर-सल्लागाराचे पत्र, आणि डेअरीकडून दरमहा येणाऱ्या दुधाच्या पैशांची मागील बारा महिन्यांची विवरणे. विवरणे बाराच द्यावीत, तीन देऊ नयेत. दुधाचा दर आणि गोठ्यातले दूध दोन्ही वर्षभर वरखाली होतात, त्यामुळे मार्चमध्ये तीन महिने दाखवले तर चित्र एक दिसते आणि ऑक्टोबरमध्ये दाखवले तर दुसरेच. शिवाय युरोपीय अनुदानाची रक्कम वर्षाअखेरीस एकदम येते, ती कोणत्याही ‘मागील तीन महिन्यांत’ नीट बसत नाही. कर-सल्लागाराने हे दोन वाक्यांत लिहून दिले की खिडकीपलीकडच्या माणसाला शेतीचे वर्ष समजावून घेण्याचे कष्ट पडत नाहीत.

पत्त्याबाबत मात्र फार जपावे, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. मी गेल्या वर्षी शेत बदलले. पहिल्या ठिकाणी मालकांशी कामाच्या तासांवरून बिनसले होते आणि ती हकिगत येथे सांगण्यासारखी नाही. प्रशिक्षणाचा परवाना त्या विशिष्ट जागेशी बांधलेला असल्याने शेत बदलताना कार्यालयाची संमती आवश्यक होती, आणि ती मी वेळेत मागितलीही. पण नव्या गावात पत्त्याची नोंद दोन आठवड्यांच्या आत करायची असते, ती मी ओल्या मक्याच्या कापणीत पाचव्या आठवड्यात केली. नोंदीला घरमालकाचे लेखी पत्र लागते आणि शेतावर घरमालक म्हणजे मालकच. ते दिवसभर कापणी-यंत्रावर आणि रात्री जेवता जेवता झोपलेले, त्यांच्याकडून सही मागायची मला लाज वाटे. तेवढ्यात कार्यालयाचे पिवळे पाकीट जुन्या शेतावर गेले. त्या पाकिटावर टपालवाला तारीख लिहितो आणि मुदत त्या तारखेपासून मोजली जाते, आपण ते केव्हा उघडले याला अर्थ नसतो. जुन्या मालकीणबाईंनी ते दूध-खोलीच्या खिडकीत ठेवले होते. मला ते अठरा दिवसांनी मिळाले, वर दुधाच्या पेल्याचे गोल वळ उमटलेले. आत नकार नव्हता, नकार देण्यापूर्वी माझे म्हणणे मागवणारे पत्र होते आणि उत्तरासाठी तीन दिवस शिल्लक होते. व्यवसाय-शाळेतील शिक्षकांनी त्याच संध्याकाळी बसून उत्तर लिहायला मदत केली म्हणून निभावले.

तिरकस | १८ मार्च २०२५, सकाळी ८:५०

सगळे वाचले. एक कुतूहल म्हणून विचारतो, यात टोचून बोलण्याचा हेतू नाही. सुशिक्षित माणसाने परदेशी जाऊन शेण काढावे आणि वर त्यासाठी परवानगीच्या रांगेत उभे राहावे, यात समाधान नेमके कोठे आहे?

गव्हाण | १८ मार्च २०२५, रात्री ९:१०

अक्का आणि बांधावरचा, तुम्हा दोघांचे मनापासून आभार. पत्र आज टपालात टाकले आणि ईमेलनेही पाठवले. कर-सल्लागारांशी बोलणे झाले, ते पंधरवड्यात पत्र देतो म्हणाले.

तिरकस, शेण आमच्याकडे यंत्र काढते, माझ्या वाट्याला यंत्राने सोडलेले कोपरे येतात. समाधानाचे मोजमाप मला देता येणार नाही, पण माझ्या दिवसाचा बराच भाग सडांची पहिली धार काळ्या बशीत काढून तीत गुठळी दिसते का हे पाहण्यात जातो. गुठळी दिसली तर कासदाह सुरू झालेला असतो, ते दूध टाकीत जाऊ द्यायचे नसते आणि त्या गायीची कास हाताने चाचपून गरम भाग शोधायचा असतो. हे काम मला येते आणि ते करताना मला दुसरे काही करावेसे वाटत नाही. रांगेचे म्हणाल तर ती पूर्वी दुसऱ्या देशात आणि दुसऱ्या व्यवसायातही लावलेली आहे.

गंमत अशी की शेतकरी-पेन्शनच्या कायद्यानुसार येथे शेतकऱ्याचा जोडीदारही शेतकरीच समजला जातो. १९९५ पासून तशी तरतूद आहे आणि स्वतंत्र सूट घेतली नाही तर त्याला स्वतःचा हप्ता भरावा लागतो. मी येथे आले त्या वर्षीच मला ‘आपण कायद्यानुसार शेतकरी आहात’ अशा अर्थाचे पत्र आले होते. म्हणजे एका खात्याच्या लेखी मी तीन वर्षे शेतकरीण आहे, आणि दुसऱ्या खात्याला मी खाते काय, याचा पुरावा हवा आहे.

नवखी | २ एप्रिल २०२५, संध्याकाळी ६:००

विषय थोडा वेगळा आहे, पण येथेच विचारते. माझा मामेभाऊ पर्यटक व्हिसावर दोन महिने येणार आहे. एका शेतावर राहून, जेवणखाण आणि खोलीच्या बदल्यात काम करावे असे त्याच्या मनात आहे. पैसे घेणार नाही, तर चालेल ना?

फ्रांकफुर्टची_अक्का | २ एप्रिल २०२५, रात्री ८:१५

त्याला हे करू देऊ नकोस. शेंगेन पर्यटक व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहण्याची मुभा देतो, काम करण्याची देत नाही. आणि खोली व जेवण हादेखील मोबदलाच आहे. सापडला तर त्याचा पुढचा व्हिसा धोक्यात येईल आणि शेतकऱ्यालाही दंडाची भीती राहील. शेतावर काम करायचेच असेल, तर त्या कामाचा व्हिसा घेऊन यावे.

गव्हाण | २ एप्रिल २०२५, रात्री ९:३०

अक्कांशी सहमत आहे. माझी बहीण पाहुणी आली तर तिला वासराला दूध पाजू देईन, पण धारेच्या पाळीत तिचे नाव लिहिणार नाही. शिवाय या वर्षी आमच्याकडे पाहुण्यांना गोठ्यात नेण्याबाबत कडक शिस्त आहे. १० जानेवारी २०२५ रोजी ब्रांडेनबुर्गमध्ये पाणम्हशींच्या एका कळपात लाळ्या-खुरकूत आढळला. जर्मनीत १९८८ नंतर तो प्रथमच आला. तेव्हापासून सासरे दारातच बूट बदलायला लावतात. भारतात हा रोग असतोच, त्यामुळे तेथून येणाऱ्या माणसाने काही दिवस गोठ्यापासून दूर राहावे आणि सामानात दुधाचे किंवा मांसाचे पदार्थ आणू नयेत. ते आणायला तशीही बंदीच आहे.

गव्हाण | २९ मे २०२५, रात्री १०:०५

थोडी माहिती पुढे देते. नवे पारपत्र पाच आठवड्यांत आले. कर-सल्लागारांचे पत्र, दोन वर्षांचे ताळेबंद आणि बारा महिन्यांची दुधाची विवरणे एप्रिलच्या शेवटी दिली, आणि काल मला तो हिरवट कागद मिळाला. अक्का, खूण योग्य चौकटीवर आहे, मी तेथेच उभी राहून दोनदा पाहिली.

फोन आला तो दिवस मात्र असा होता की अजून आठवले तरी घाम फुटतो. गवताच्या पहिल्या कापणीसाठी तीन कोरडे दिवस मिळाले होते. कापलेले गवत निम्मे सुकले की लगेच उचलून मुरघासाच्या चरात दाबायचे असते. ओले गेले तर त्यातून रस गळतो आणि मुरघास आंबूस कुजतो, फार सुकले तर नीट दाबले जात नाही, हवा राहते आणि बुरशी धरते. मी चरावर ट्रॅक्टर पुढेमागे चालवत होते. एवढ्या मोठ्या यंत्राने गवत तुडवण्याचे काम दिसायला फार साधे असते, पण कडेला चाक जरा बाहेर गेले तर ट्रॅक्टर उलटू शकतो. त्या आवाजात फोन ऐकू आला नाही. सासूबाईंनी तो घरात घेतला आणि ‘ती चरावर आहे, रात्री नऊनंतर फोन करा’ असे कार्यालयाला सांगितले. नशिबाने फोन करणाऱ्या बाईंचे माहेर शेतकऱ्याचे निघाले. त्यांनी हसून ईमेल पाठवला.

सुटसुटीत | १० जुलै २०२५, सकाळी ११:४०

गव्हाणताई, अर्जाला चार महिने झाले. प्रशासकीय न्यायालयांच्या कायद्यातील कलम ७५ प्रमाणे तीन महिने सबळ कारणाशिवाय निर्णय न दिल्यास कार्यालयाविरुद्ध निष्क्रियतेचा दावा लावता येतो. माझ्या दोन सहकाऱ्यांनी तो लावला आणि काम लगेच झाले. विचार करावा.

फ्रांकफुर्टची_अक्का | १० जुलै २०२५, दुपारी २:२०

दावा लावता येतो हे खरे आहे, आणि ज्यांचे काम अडून पडले आहे त्यांनी तो लावावा, यातही मला गैर वाटत नाही. पण ते तीन महिने कोठून मोजायचे यावरच वाद होतो. हिची कागदपत्रे एप्रिलअखेर पूर्ण झाली, त्यामुळे ‘अर्ज अपूर्ण होता’ हे कार्यालयाचे पहिले उत्तर असेल. हिच्या हातात वैध कागद आहे, काम थांबलेले नाही. आधी एक सभ्य स्मरणपत्र पाठवावे, त्यात कागदपत्रे कोणत्या तारखेला पूर्ण झाली ते लिहावे आणि उत्तरासाठी ठरावीक तारीख द्यावी. दावा नंतरही लावता येतो.

गव्हाण | २४ जुलै २०२५, रात्री ९:५०

स्मरणपत्र पाठवले आणि आठव्या दिवशी ठशांसाठी बोलावणे आले. अर्ज मंजूर झाला आहे.

येथे एक अशी अडचण आली की तिचा विचार मी किंवा येथील कोणीही केला नव्हता. फोटोची तयारी मी करून ठेवली होती. १ मेपासून कागदी फोटोऐवजी डिजिटल फोटोचा नियम झाला आहे, तेव्हा स्टुडिओत काढून त्याचा संकेत छापलेला कागद नेला, ते काम अर्ध्या मिनिटात झाले. मग दोन बोटांचे ठसे द्यायचे होते. यंत्राने उजवी तर्जनी नाकारली, डावी नाकारली, मग अंगठे आणि मधली बोटेही नाकारली. गेला महिनाभर गवताचे काम, त्यावर दिवसातून दोनदा सड बुडवण्याचे आयोडिनचे औषध आणि टाकी धुण्याचे रसायन, यांनी बोटांची कातडी अशी झाली होती की रेषांच्या जागी बारीक भेगाच उरल्या होत्या. बाईंनी काच पुसली, मला बोटे कपाळावर टेकवून पाहायला सांगितली, कारण कपाळाच्या तेलकटपणाने कधीकधी ठसा उमटतो. सहाव्या प्रयत्नाला डावा अंगठा घेतला गेला, पण उजव्या हाताचे एकही बोट नाही. शेवटी त्यांनी खणातून हातांच्या मलमाची स्वतःची नळी काढली, मला बाहेर बाकावर वीस मिनिटे बसवले आणि मधल्या वेळात पुढच्या माणसाला घेतले. वीस मिनिटांनी उजवी अनामिका उमटली.

बांधावरचा | २४ जुलै २०२५, रात्री १०:३०

ताई, हे अगदी उपयोगी लिहिलेत. माझेही पुढच्या वर्षी ठसे आहेत आणि ते नेमके कापणीच्या हंगामात येणार. आमच्याकडे मालकीणबाई कासेला लावायचेच मलम रात्री हाताला चोळून सुती हातमोजे घालून झोपतात. भेटीच्या आधी आठवडाभर मीही तसेच करीन.

फ्रांकफुर्टची_अक्का | २५ जुलै २०२५, सकाळी ७:००

गव्हाण, फार आनंद झाला. बावीस वर्षांत हा अडथळा मी पहिल्यांदाच ऐकला. कार्ड बर्लिनला सरकारी छापखान्यात तयार होते, चार ते सहा आठवडे धरून चाल. हाती आल्यावर नाव, जन्मतारीख आणि ‘नोकरी-व्यवसायास परवानगी’ ही ओळ तेथल्या तेथे तपासून घे.

गव्हाण | २१ सप्टेंबर २०२५, दुपारी ३:४५

कार्ड गुरुवारी आणले. सगळ्या ओळी तपासल्या, बरोबर आहेत. पारपत्र नवे असल्यामुळे कार्डही लांब मुदतीचे मिळाले. यासाठी ११३ युरो लागले. मुलाखत, चौकशी असे काहीच झाले नाही. खिडकीतून पाकीट आले, सही केली आणि अकरा मिनिटांत मी पुन्हा गाडीत होते. एवढ्यासाठी सहा महिने, असे वाटून गेले, पण त्या दिवशी डोंगरावरच्या उन्हाळी कुरणातून आमच्या अकरा कालवडी खाली उतरणार होत्या, तेव्हा वाटण्यापुरताच वेळ होता.

तिरकस | २१ सप्टेंबर २०२५, दुपारी ४:१०

अभिनंदन. मार्चमधला माझा प्रश्न जरा खोचक होता, त्याबद्दल दिलगीर आहे. आणि त्या मंगळवारच्या कालवडीचे पुढे काय झाले?

गव्हाण | २१ सप्टेंबर २०२५, संध्याकाळी ४:३०

दिलगिरीची आवश्यकता नाही, प्रश्न माझ्या आईनेही विचारलेला आहे.

कालवड सहा महिन्यांची झाली. दूध तुटले आहे, आता वैरण आणि मुरघास खाते आणि गव्हाणीत शेजारणीच्या वाट्यात तोंड घालते. गेल्या महिन्यात कुंपणाच्या तारेत अडकून तिच्या डाव्या कानातला बिल्ला निघून पडला. त्याच क्रमांकाचा दुसरा बिल्ला मागवला, तो चार दिवसांत टपालाने आला आणि पतींनी तो लगेच मारला. तिला फोटो लागला नाही.